उन्हात स्क्रीन दिसत नाही? हूड घ्यावं की लूप, आणि का

मागे एका पाडव्याला ठाकूरद्वारच्या नाक्यावर शोभायात्रेचं शूटिंग करत होतो. कॅमेरा नवा, हलका, खिशाला परवडलेला; फक्त त्याला डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर नव्हता. जे काही बघायचं ते मागच्या स्क्रीनवर. नऊ वाजेपर्यंत ठीक चाललं. साडेदहाच्या सुमारास ढोल-ताशा पथक चौकात आलं, त्यांच्यामागे नऊवारी आणि फेट्यातल्या बायका बुलेटवर, आणि मला स्क्रीनवर दिसत होता फक्त एक पांढरा सदरा. माझाच. अंदाजाने रेकॉर्डिंग करत राहिलो. घरी येऊन लॅपटॉपवर पाहिलं, तर मागच्या चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेल्या टॉवेलांचा धागान् धागा मोजता येत होता आणि पुढचं अख्खं पथक धूसर होतं.

तेव्हापासून उन्हात स्क्रीन नीट दिसावी म्हणून मी बरेच पैसे आणि त्याहून जास्त दुपारी खर्च केल्या आहेत. यासाठी बाजारात दोन जातीच्या वस्तू मिळतात. एक हूड, म्हणजे स्क्रीनभोवती तीन किंवा चार बाजूंनी उभा राहणारा काळा आडोसा. दुसरी लूप, म्हणजे एका टोकाला स्क्रीनवर घट्ट बसणारी चौकट, दुसऱ्या टोकाला भिंग आणि रबराचा कप, त्यात डोळा खुपसून बघायचं. दोन्ही 'ऊन अडवायला' म्हणून विकल्या जातात, त्यामुळे माणूस किंमत बघून निवडतो. पण दोघींची कामं वेगळी आहेत. ती कळायला हवीत तर उन्हात नेमकं काय बिघडतं ते आधी बघायला हवं.

स्क्रीन मंद होत नाही, आरसा होते

कॅमेरा बंद करा, उन्हात उभे राहा आणि काळ्या स्क्रीनकडे बघा. कॅमेरा छातीपाशी धरला असेल तर शर्टाची बटणं दिसतील, डोळ्यांसमोर धरला असेल तर चेहरा, आणि स्क्रीन वर वाकवली असेल तर आभाळ. आता कॅमेरा सुरू करा. हे प्रतिबिंब कुठेही जात नाही. तिथेच असतं, आणि कॅमेऱ्याचं चित्र त्याच्यात मिसळून आपल्यापर्यंत येतं.

साधी काच तिच्यावर समोरून पडणाऱ्या उजेडापैकी सुमारे 4 टक्के परत पाठवते. चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, म्हणून माझ्या सदऱ्याचा हिशेब मांडतो. भर दुपारच्या थेट उन्हात साधारण 1,00,000 लक्स उजेड असतो. ऑफिसात टेबलावर 300 ते 500 लक्स असतो, यावरून अंदाज घ्या. उभ्या माणसाच्या छातीवर ऊन तिरकं पडतं, तेव्हा निम्मं धरू, 50,000 लक्स. पांढरं कापड त्यातलं 80 टक्के परत फेकतं. या आकड्यांवरून सदऱ्याची चमक काढली तर ती सुमारे 12,700 निट येते. निट हे पृष्ठभागाची चमक मोजायचं एकक. मोबाइलच्या जाहिरातींत वाचलं असेल. स्क्रीनची काच त्यातले चार टक्के परत देते, म्हणजे झाले 500 निट.

कॅमेऱ्याची स्क्रीनही 500 निटची आहे असं समजा. चित्रातला पांढरा भाग स्वतःचे 500 आणि वर सदऱ्याचे 500 मिळून 1,000 होतो. काळा भाग स्वतः जवळजवळ शून्य, पण सदऱ्याचे 500 त्यालाही मिळतातच. घरात बसल्यावर या दोहोंत शेकडोपट फरक असतो. इथे उरला दुप्पट. ढोलावरचं कातडं आणि ढोल वाजवणाऱ्याचा झब्बा वेगळा काढता येत नाही तो यामुळे.

आता त्याच जागी काळा टी-शर्ट घालून उभे राहा. काळं कापड पाचेक टक्केच उजेड परत देतं. त्याची चमक 800 निटच्या आसपास, आणि काचेतून परत येणारे फक्त 32. पांढरा भाग 532, काळा 32. फरक सोळापट झाला, आणि अजून एक रुपयाही खर्च झालेला नाही.

अडचण एवढीच की संक्रांत सोडली तर सणाला काळं घालायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा आहे. पाडव्याला तर विषयच नाही. मी त्यावर तोडगा काढला. बॅगेत काळ्या सुती कापडाचा एक तुकडा असतो, शूटिंगला उभं राहिलं की तो गळ्यात बांधून छातीवर सोडायचा. आईच्या मते मी न्हाव्याकडे बसल्यासारखा दिसतो. दिसू दे.

दुसरी फुकटातली वस्तू म्हणजे टोपी. छाती काळी केली की आरशात उरतो चेहरा, आणि उन्हात तोही चांगलाच चमकतो. गांधी टोपीचा उपयोग नाही, क्रिकेटवाले घालतात तशी पुढे छज्जा असलेली हवी.

"मग ब्राइटनेस वाढवावा ना," असं हमखास कुणीतरी म्हणतं. वाढवा. काही कॅमेऱ्यांत त्यासाठी खास सेटिंग असतं. सोनीच्या मेनूत ते 'सनी वेदर' नावाने सापडेल. पण हिशेब पुन्हा करून बघा. स्क्रीन 500 वरून 1,000 निट केली तर पांढरा भाग 1,500 आणि काळा 500, म्हणजे तिप्पट. दुप्पटीच्या जागी तिप्पट, आणि त्यासाठी बॅटरी जास्त जळणार, कॅमेरा जास्त तापणार. शिवाय यात एक छुपा सापळा आहे. चढवलेल्या ब्राइटनेसवर फोटो उजळ दिसतो, म्हणून आपण एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा किती उजेड घेतो ते, खाली आणतो, आणि घरी आल्यावर सगळे चेहरे काळवंडलेले निघतात. उन्हात स्क्रीनवर 'छान दिसतंय' याला काही अर्थ नाही. एक्स्पोजर हिस्टोग्रामवर (चित्रात गडद-उजळ किती ते दाखवणारा आलेख) किंवा झेब्र्याच्या पट्ट्यांवर (फार उजळ भागावर कॅमेरा दाखवतो त्या तिरप्या रेघा) ठरवायचं. हिस्टोग्रामचा डोंगर कुठल्या बाजूला झुकलाय, हे धुरकट स्क्रीनवरही कळतं.

मॅट फिल्म चिकटवण्याचा सल्लाही मिळतो. खोलीतल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब ती पसरवून टाकते, तिथे ती बरी. थेट ऊन पडलं की मात्र ती सगळ्या स्क्रीनवर सारखा पांढुरका पडदा ओढते. परतावा कमी करणारा लेप, म्हणजे अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग, हे वेगळं प्रकरण आहे. ते चार टक्क्यांचं प्रमाण खरोखर खाली आणतं. दोघांच्या पाकिटांवर 'अँटी-ग्लेअर' हाच शब्द असू शकतो, तेव्हा विकत घ्यायच्या आधी पाकीट फोडून फिल्म डोळ्यासमोर धरून बघा. आरपार धुकट दिसली तर ती मॅट.

हूड किती खोल हवं

हूडचं पहिलं काम सूर्याचे थेट किरण स्क्रीनवर पडू न देणं. इथे घराच्या छज्जाचं गणित लागू होतं. सूर्य वर असेल तर लहान छज्जा पुरतो. सूर्य कलला की मोठा लागतो.

तीन इंची, 3:2 आकाराची स्क्रीन साधारण 63 मिलिमीटर रुंद आणि 42 मिलिमीटर उंच असते. कॅमेरा सरळ धरलाय आणि ऊन तुमच्या बाजूने स्क्रीनवर येतंय असं समजा. सूर्य क्षितिजापासून 70 अंश वर असेल तर पूर्ण स्क्रीन सावलीत ठेवायला वरची झडप दीड सेंटीमीटर पुरते. 45 अंशांवर 4.2 सेंटीमीटर लागते. 30 अंशांवर सव्वासात. 20 अंशांवर साडेअकरा, आणि एवढी लांब झडप लावली तर तुमचं नाकच तिला आपटेल.

मुंबई 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या शेवटी दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, ज्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. त्या दिवसांत दुपारी कुठलंही लहानसं हूड चालेल. डिसेंबरात ऐन दुपारीसुद्धा सूर्य जेमतेम 48-49 अंशांपर्यंत चढतो, आणि चार वाजता तो 25 अंशांवर आलेला असतो. म्हणजे थंडीतलं ऊन अंगाला सुखाचं असलं तरी हूडला जास्त जड जातं. लग्नं, मॅरेथॉन, शिवाजी पार्कवरच्या मॅचेस, फ्लेमिंगो, यांतलं बरंच काही नेमकं याच महिन्यांत असतं.

सूर्य बरोबर पाठीमागे असेल तर तुमचंच डोकं सावली धरतं. खरा त्रास खांद्यावरून डोकावणाऱ्या सूर्याचा, आणि तो वरच्या झडपेला चुकवून बाजूने आत शिरतो. म्हणून बाजूच्या झडपा वरच्या झडपेइतक्याच खोल असलेलं हूड घ्या. पुष्कळ हूडांत त्या तिरप्या कापलेल्या असतात, दिसायला ऐटबाज, कामाला अर्ध्या.

कुठे उभे राहणार हेही बघायला हवं. दुपारी शिवडीच्या जेट्टीवर फ्लेमिंगोंकडे तोंड करून उभं राहिलं की ऊन पाठीवर येतं. तिथे आडोसा कामाचा. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर दुपारी समुद्राकडे कॅमेरा रोखला तर सूर्य समोर असतो. स्क्रीन आपोआप कॅमेऱ्याच्या सावलीत येते, पण तुमची छाती आणि चेहरा उन्हात न्हातात आणि आरशात उतरतात. अशा वेळी वरची झडप नुसती शोभेची. हवी ती खालची झडप, आणि तीन बाजूंच्या हूडला तीच नसते. मी चार बाजूंचंच घ्या म्हणतो ते यासाठी.

एका ठिकाणी मात्र कुठलंच हूड चालत नाही. स्क्रीन वर वाकवून, कमरेपाशी कॅमेरा धरून, मे महिन्यात दुपारी साडेबाराला शूट करायचं असेल तर हूड म्हणजे विहीर, आणि सूर्य थेट तळाशी. तिथे डोकं पुढे करून स्वतःची सावली पाडणं एवढंच हातात राहतं.

हूडच्या आतला रंगही बघा. काळा असणं पुरेसं नाही, निस्तेज काळा हवा. चकचकीत काळं प्लास्टिक तिरप्या कोनात जवळपास आरशासारखं वागतं आणि ऊन घरंगळत स्क्रीनपर्यंत आणतं. आतून मखमलीसारखं कापड लावलेलं हूड बरं. नसेल तर मंगलदास मार्केटातून काळ्या मखमलीचं चिंधीएवढं कापड आणून स्वतः चिकटवता येतं. तसं पाहिलं तर सगळं हूडच घरी होतं: काळी फोमशीट, कटर, वेल्क्रो, आणि अडकवायला जाड इलॅस्टिक. माझं पहिलं असंच होतं. फक्त कॅमेऱ्यावर सेलोटेप किंवा साधी डबल टेप लावू नका. मुंबईच्या घामट उन्हात डिंक वितळतो, हूड खाली आणि चिकटा कॅमेऱ्यावर.

लूप म्हणजे अंधार अधिक भिंग

हूड कितीही चांगलं असलं तरी ज्या तोंडातून तुम्ही बघता तिथून उजेड आत येतोच. लूप ते तोंडही बुजवते, तुमच्याच डोळ्याने. आत प्रतिबिंब पडायला काही उरत नाही, आणि स्क्रीन घरात दिसते तशी दिसते. लूप लावल्यावर ब्राइटनेस परत मूळ जागी आणायला विसरू नका, नाहीतर डोळा दिपतो.

पहिल्यांदा लूप लावली की आधी काहीच दिसत नाही. घाबरू नका. बाहेरच्या उन्हाला सरावलेला डोळा अंधारात शिरलाय. मॅटिनीला उशिरा आत जाणाऱ्यासारखं होतं. थोडा दम धरा. मी शॉटच्या आधी तो डोळा जरा वेळ मिटून ठेवतो.

लूपचा अर्धा उपयोग भिंगाचा आहे. साध्या डोळ्यांना आरामात स्पष्ट दिसायला वस्तू 25 सेंटीमीटरच्या आसपास लागते. चाळिशी लागली की तेही जमत नाही, हात लांब करावा लागतो, आणि तीन इंची स्क्रीन आणखी लहान होते. भिंगामुळे स्क्रीन डोळ्यापासून काही सेंटीमीटरवर असूनही डोळा दूरचं बघितल्यासारखा सैल राहतो. माझ्या ओळखीचे दोन-तीन शूटिंगवाले लूप सावलीत, हॉलमध्येसुद्धा काढत नाहीत, ते ऊन म्हणून नाही, चाळिशी म्हणून.

भिंग 2 पट, अडीच पट किंवा 3 पट असतं. जास्त म्हणजे चांगलं असं नाही. बऱ्याच स्क्रीनवर '10.4 लाख डॉट' लिहिलेलं असतं. एका पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन डॉट लागतात, म्हणजे खरे पिक्सेल 720 गुणिले 480. एवढे पिक्सेल 63 मिलिमीटरांत बसवले की एकेक पिक्सेल मिलिमीटरच्या अकराव्या भागाएवढा. उघड्या डोळ्याला तो जेमतेम कळतो. तीन पट केला की जाळी स्पष्ट दिसते, मच्छरदाणीतून बघितल्यासारखी. फोकस तपासायला ही जाळी आड येत नाही. दिवसभर फ्रेमिंग करायचं असेल तर डोळ्याला बोचते, आणि कोपरे बघायला बुबुळ फिरवत राहावं लागतं. मला विचाराल तर व्हिडिओला 2 ते अडीच, आणि काढलेला फोटो तपासायला 3. डॉट 16 लाखांच्या वर असतील तर 3 पट खुशाल घ्या.

स्वस्त लूपमध्ये एकच प्लास्टिकचं भिंग असतं. मधलं चित्र छान, कडेच्या रेषा वाकलेल्या आणि त्यांना जांभळी-हिरवी किनार. फ्रेमिंगला चालून जातं. कडेला उभ्या माणसाचा फोकस ठरवायचा असेल तर नाही चालत.

डायॉप्टरची चकती, म्हणजे नंबर जुळवायची कडी, हवीच. तिच्याशिवायची लूप फुकट मिळाली तरी घेऊ नका. जुळवताना चित्राकडे बघू नका. चित्र आउट ऑफ फोकस असेल तर तुम्ही गोंधळाल. कॅमेऱ्याचा मेनू उघडा आणि अक्षरं सर्वांत तीक्ष्ण होईपर्यंत कडी फिरवा. साधा जवळचा-लांबचा नंबर यात बसतो. सिलिंडरचा नंबर बसत नाही, त्या लोकांनी चष्म्यावरूनच बघावं, आणि त्यासाठी कप दुमडता येणारी, भिंग मोठं असलेली लूप शोधावी.

आणखी एक फायदा लूप विकणाराही सांगत नाही. हाताने कॅमेरा धरून व्हिडिओ काढताना दोन हात हे दोन आधार. लूप भुवईला टेकली की तिसरा आधार येतो आणि थरथर लगेच कमी होते. गर्दीत, जिथे ट्रायपॉड उघडायला जागा नाही, तिथे मला हेच जास्त उपयोगी पडलं आहे.

बदल्यात काय जातं तेही ऐका. टच स्क्रीनवर बोट लावून फोकस करणं बंद. बटण किंवा जॉयस्टिकची सवय करावी लागते. आजूबाजूचं काही दिसत नाही, आणि गिरगावच्या मिरवणुकीत एक डोळा नळीत घालून मागे-मागे चालणं म्हणजे कुणाच्या तरी पायावर पाय. बिजागरीवर उघडणारी लूप असेल तर झटकन वर करता येते. शिवाय ज्याचा फोटो काढला त्याला तो दाखवता येत नाही. गेटवेवरचे फोटोवाले बघा: क्लिक केलं की तळहाताचा आडोसा करून गिऱ्हाइकाला स्क्रीन दाखवतात, पसंत पडली की प्रिंट. त्या धंद्यात लूप नाही चालायची, तिथे हूडच.

जो ठिपका मी दोन वर्षं बघतोय

लहानपणी भिंगाने कागद जाळला असेल. लूप हे तेच भिंग आहे, आणि त्याच्या बरोबर केंद्रावर, जिथे कागद धरायचा असतो, तिथे तुमची स्क्रीन आहे. 3 पट भिंगाचं केंद्र सुमारे 83 मिलिमीटरवर येतं. तिथे सूर्याची प्रतिमा जेमतेम पाऊण मिलिमीटरची पडते. भिंगाचा व्यास 40 मिलिमीटर असेल तर तेवढ्या भिंगावरचं सगळं ऊन त्या पाऊण मिलिमीटरच्या ठिपक्यात गोळा होतं, म्हणजे अडीच हजारपटींहून जास्त. स्क्रीनला एवढं ऊन सोसत नाही.

बँडस्टँडला मी कॅमेरा लूपसकट बाकावर ठेवला, लेन्स खाली, लूप वर, आणि शहाळं घ्यायला गेलो. परत आल्यावर बॅग भरली, घरी गेलो. रात्री कॅमेरा सुरू केला तर स्क्रीनच्या डाव्या वरच्या कोपऱ्याजवळ टाचणीच्या डोक्याएवढा तपकिरी डाग. पुसला, पुन्हा पुसला, नख लावून पाहिलं. काचेच्या आतला होता. तो अजून आहे. दोन वर्षं माझ्या प्रत्येक आभाळात एक घार उडते.

व्ह्यूफाइंडर असलेल्या कॅमेऱ्यालाही हाच धोका आहे, कारण तिथेही भिंगामागे एक छोटी स्क्रीन बसलेली असते. कॅमेरा गळ्यात आडवा लटकत असताना मागची बाजू आभाळाकडे वळते, हे ध्यानात ठेवा. लूपला झाकण असेल तर शॉट संपला की लावा. नसेल तर लूप काढून ठेवा किंवा वर रुमाल टाका.

छोट्या गोष्टी, ज्या ऐन वेळी नडतात

व्ह्यूफाइंडर असलेल्या कॅमेऱ्यावर लूप किंवा उंच हूड लावलं आणि स्क्रीन अचानक काळी पडली, तर कॅमेरा बिघडलेला नाही. व्ह्यूफाइंडरजवळ एक सेन्सर असतो. काही जवळ आलं की त्याला वाटतं तुम्ही डोळा लावलात, आणि तो स्क्रीन बंद करतो. हूडची वरची कड त्याला डोळ्यासारखीच भासते. मेनूत जाऊन 'फक्त मॉनिटर' निवडा. हे मला कळायला एक अख्खं साखरपुड्याचं शूटिंग लागलं, आणि ते मी मधून मधून हूड उपटून पार पाडलं.

स्क्रीन काळी पडण्याचं दुसरं कारण नाकावर असतं. पोलराइज्ड गॉगल आणि कॅमेऱ्याची स्क्रीन, दोन्हींत एकाच दिशेचा उजेड सोडणारा थर असतो. दिशा जुळल्या नाहीत की स्क्रीन जवळपास काळी. कॅमेरा आडवा असताना ठीक, उभा फोटो घ्यायला फिरवला की गायब, असं होत असेल तर आधी गॉगल काढा.

बसवायच्या पद्धतीत इलॅस्टिकचा पट्टा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत सरकणारा. चिकटवायच्या चौकटीवर चुंबकाने बसणारी लूप हाताळायला छान, पण चौकट एकदा चिकटली की चिकटली, आणि उन्हाने डिंक सैल झाला तर तुमची महागडी लूप लोकलच्या फलाटावर. ट्रायपॉडच्या स्क्रूला खालून पट्टी लावून बसणारी सर्वांत भक्कम; बॅटरीचं दार मात्र त्या पट्टीखाली दबतं का ते आधी बघा. बाहेर उघडणारी स्क्रीन असेल तर जड लूप तिच्यावर लटकवू नका, बिजागरी नाजूक असते. तिला हलकं कापडी हूड पुरे.

पावसाळ्याच्या तोंडावर एसी टॅक्सीतून उतरून लगेच लूपला डोळा लावला की भिंगावर धुकं येतं. बॅगेतून काढून थोडा वेळ बाहेरच्या हवेत राहू द्या. आणि पावसाळ्यात मुंबईत डोळे यायची साथ आली की लूप कुणाला देऊ नका, कुणाची घेऊ नका. रबरी कप ज्याच्या-त्याच्या डोळ्याला टेकतो. सेटवर अख्ख्या युनिटचे डोळे आलेले मी पाहिलेत.

मग घ्यायचं काय

कॅमेऱ्याला चांगला व्ह्यूफाइंडर असेल तर बहुतेक काहीच नको. तोच तुमचा लूप आहे, भिंगासकट, डायॉप्टरसकट. टोपी घाला आणि ते पैसे एखाद्या जास्तीच्या बॅटरीवर घाला. व्ह्यूफाइंडर नसेल आणि मुख्यतः फोटो काढत असाल, ऑटोफोकसवर भरवसा असेल, तर चार बाजूंचं, आतून निस्तेज, पाच सेंटीमीटरच्या आसपास खोल हूड. काही शे रुपयांत भागतं. व्ह्यूफाइंडर नाही आणि व्हिडिओ हाताने फोकस करता, किंवा चाळिशी लागली आहे, तर लूप, आणि तिथे कंजुषी नको. मोबाइलवर शूट करणाऱ्यांनी दोन्हींच्या नादी लागू नये; अलीकडचे फोन उन्हात स्वतःच चमक चढवतात, त्यांना काळा शर्ट आणि टोपी बास.

घ्यायला बोरा बाजारात जाणार असाल तर कॅमेरा सोबत न्या आणि निघण्याआधी स्क्रीन फूटपट्टीने मोजून घ्या. 'तीन इंची' हे फक्त कर्णाचं माप आहे. 3:2 ची तीन इंची आणि 16:9 ची तीन इंची यांच्या उंचीत पाच मिलिमीटरचा फरक पडतो, आणि तेवढ्या फटीतून पुरेसं ऊन आत येतं. दुकानात नुसतं 'हूड द्या' म्हणालात तर लेन्सचं हूड काढून देतील. 'मागच्या स्क्रीनचं' म्हणा.

आणि ट्यूबलाइटखाली बघून काही ठरवू नका, तिथे सगळीच हूडं उत्तम वाटतात. दुकानदाराला सांगून फुटपाथवर या, तोंड सूर्याकडे करा, कॅमेरा बंद ठेवून हूडमध्ये बघा. आत स्वतःचा शर्ट दिसला तर ते परत द्या आणि पुढचं मागा. मी मागच्या खेपेला असं चौथ्यांदा बाहेर-आत केल्यावर काउंटरवरचे काका म्हणाले, "साहेब, उन्हात उभे राहून राहून तुम्हीच काळे पडाल, मग हूड लागणारच नाही." हिशेबाने पाहिलं तर बरोबर बोलत होते.